बूड नसलेली जाळी

बास्केटबॉलच्या इतिहासात शिडीवरच्या माणसावर फार अन्याय झाला आहे. जेम्स नेस्मिथ सगळ्यांना ठाऊक असतो. मूळचा कॅनडाचा हा गृहस्थ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत शिकवत होता. १८९१ चा डिसेंबर, बाहेर कडाक्याची थंडी आणि आत कवायतीला विटलेले अठरा दांडगे विद्यार्थी. यांना गुंतवून ठेवेल असा खेळ शोध, असं वरिष्ठांनी फर्मावलं. नेस्मिथने तेरा नियम लिहून काढले आणि इमारतीची देखभाल पाहणाऱ्या स्टेबिन्सकडे दीड-दीड फुटाची दोन खोकी मागितली. स्टेबिन्सकडे खोकी नव्हती, पीचच्या दोन टोपल्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही जगभर दहा फुटांवर असते. पुढे लाखो बुटक्या माणसांचं आयुष्य ज्या आकड्याने अवघड केलं, तो कुणी विचार करून काढलेलाच नव्हता. कठडा तिथे होता, इतकंच.

आता टोपलीला बूड असतं. बॉल आत गेला की आतच राहायचा. मग कुणीतरी शिडी लावायची, वर चढायचं, बॉल काढून खाली टाकायचा आणि पुन्हा खेळ सुरू. पहिल्या सामन्यात एकच बास्केट झाली, ती विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने केली असं सांगतात. नेस्मिथ अजरामर झाला, चेसचं नाव राहिलं, टोपल्या देणारा स्टेबिन्ससुद्धा पुस्तकात गेला. शिडी चढणाऱ्याचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही. पुढे टोपलीला भोक पाडून खालून काठीने बॉल ढोसायची युक्ती निघाली. मग लोखंडी रिंग आणि दोरीची जाळी आली. तिलाही आधी बूड होतं, साखळी ओढली की बॉल खाली यायचा. जाळीचं बूड सरळ कापून टाकावं हे या शहाण्यांना सुचायला बरीच वर्षं गेली. एवढा सगळा खटाटोप शिडीवरच्या माणसाला एकदाचं खाली उतरवण्यासाठी होता. तो उतरला, असं पुस्तकं म्हणतात. पुस्तकं लिहिणारे रत्नागिरीला आमच्या घरापुढच्या खळ्यात कधी आलेले नाहीत.

आमची मुक्ता नववीत आहे आणि शाळेच्या संघात आहे. शाळेत मुलींच्या वाट्याला रिंग येईपर्यंत शाळा सुटते, म्हणून घरी एक रिंग हवी अशी तिची मागणी होती. मागणीच्या आधी बॉल आला होता. बॉल सहा नंबरचा, मुली खेळतात तो. पुरुषांचा सातचा असतो, थोडा मोठा. बॉल घरात आल्यावर आपटणार कुठे? पडवीत. दुपारी दोन वाजता पडवीत बॉल आपटला की घरातलं लोकमत रिंगेच्या बाजूने किती झपाट्याने तयार होतं, हे मी पाहिलं आहे. "काय ती मेली रिंग आहे ती लाव बाबा एकदाची," असं आई झोपेतून उठून म्हणाली, तेव्हा ठराव एकमताने मंजूर झाला.

रिंग भिंतीला लावायची असं कुणालाही वाटेल. ज्याचं घर चिऱ्याचं नाही त्याला तर हमखास वाटेल. आमच्याकडे भिंत म्हणजे जांभा दगड. दिसायला राजेशाही, स्वभावाने मऊ. गवंडी आले, त्यांनी मशीन लावलं, भोकातून लाल पीठ भुरुभुरु खाली आलं. त्यांनी त्यातली चिमूटभर उचलून, पीठ नीट दळलं आहे का हे गृहिणीने पाहावं तशी, दोन बोटांत चोळून मला दाखवली. "दादा, फास्टनर बसंल ह्यात. पण ऱ्हायाचा नाय." हा निकाल शास्त्राला धरून आहे. फास्टनर आत गेल्यावर फुगतो आणि भोकाच्या कडांना रेटा देऊन धरतो. त्याला समोरून तितकाच रेटा देणारं काँक्रीट लागतं. चिरा रेटा देत नाही, सरकून जागा देतो. तरीही भिंतीला लावायचीच म्हटलं असतं, तर दहा फुटांवर आमची भिंतच नाही. पाऊस अंगावर येऊ नये म्हणून पाखं साडेसात फुटांपर्यंत उतरवलेलं. दहा फुटांवर आहेत ती कौलं.

कौलं हा शब्द निघाला आणि आई पुढे सरसावली. ज्यांनी कौलारू घरात एकही पावसाळा काढलेला नाही, त्यांना एका फुटक्या कौलाचा अर्थ समजणार नाही. फुटलेलं कौल उन्हाळाभर गप्प बसतं आणि जूनमध्ये थेट देवघरावर बोलतं. ते बदलायला माणूस मिळत नाही. मिळाला तर तो चढताना आणखी दोन फोडतो. तेव्हा घरापासून लांब, एवढं एक कलम पक्कं झालं.

मग माड. मागच्या परड्यात सरळसोट माड असताना खांबाचा खर्च कशाला, हा सल्ला भाऊकाकांचा. भाऊकाका म्हणजे आमचे शेजारी आणि भाऊबंदही. ही दोन्ही नाती एकाच माणसाशी असणं म्हणजे काय, हे कोकणात समजावून सांगावं लागत नाही. सल्ला देऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच त्यात खोट काढली. "पण माड वाढणार. आज दहा फुटांवर लावलीस, तर पाच वर्षांनी बाराला जाईल." मुक्ताने त्यांना जीवशास्त्र ऐकवलं. माड वाढतो तो शेंड्याकडून, खोडात खाली ठोकलेला खिळा माड म्हातारा झाला तरी त्याच उंचीवर राहतो. भाऊकाकांना हे पटलं नाही. त्यांच्या लहानपणी एका माडाला बांधलेली दोरी आता वर गेलेली त्यांनी पाहिली होती. ती दोरी कुणी चढून बांधली असेल का, असं विचारायचं नसतं. "आणि नारळ पडला डोक्यात तर?" मी म्हणालो. "नारळाला डोळे असतात रे. तो माणूस बघून पडतो," भाऊकाका. "मग खाली मॅच चालू असली तर तो वाकून बघायला येणारच ना," मुक्ता म्हणाली. शेवटी आईने एका वाक्यात विषय मिटवला. पोटाला देणाऱ्या झाडाला खिळा ठोकायचा नाही.

राहिला खांब. चार इंची जीआय पाईप, वरून पुढे आलेला दोन फुटांचा हात, त्याला बोर्ड, बोर्डाला रिंग. हात पुढे आलेला लागतो, नाहीतर पोर उडी मारून खाली येताना पाईपावर आदळतं. तीन फूट खड्डा, एकास दोन-चारचं काँक्रीट, ओळंबा लावून खांब उभा. पण खड्डा कुठे घ्यायचा? खळं बाहेरच्या माणसाला मोकळं दिसतं. प्रत्यक्षात त्याचा इंच न् इंच कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढलेला असतो. एका कोपऱ्यात एप्रिलमध्ये सोलं वाळतात. मध्यावर मे महिन्यात आंब्याची साठं. दिवाळीनंतर सुपारी पसरायची ती जागा वेगळी, कारण तिथे सकाळचं ऊन पहिलं येतं. मांडवाच्या मेढींची भोकं ठरलेली. या सगळ्यांतून उरलेली दोन बाय दोन फुटांची बेवारस जागा आम्हाला मिळाली. ती होती विहिरीकडच्या वाटेवर.

काँक्रीट ओलं राखायला हवं म्हणून गोणपाट गुंडाळून आठवडाभर पाणी मारत होतो, आणि खांब नुसताच उभा होता. त्या आठवड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याचे जे अर्थ लावले, त्यावरून गावाच्या आकांक्षा कळल्या. पोस्टमनला तो सौरदिवा वाटला. कुणाला सीसीटीव्ही. एका बाईंनी आईला हळूच विचारलं की टॉवरचं भाडं महिन्याला किती देतात. बास्केटबॉल आहे असं सांगितल्यावर प्रत्येक चेहऱ्यावर तीच निराशा.

मैदान आखताना नवीनच पेच पडला. फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून पंधरा फुटांवर असते. टेप धरून पंधरा फूट मोजले तर टेपचं टोक बरोबर तुळशीवृंदावनाला टेकलं. आता फ्री थ्रो घ्यायचा म्हणजे तुळशीच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, थोडं तिरकं. मुक्ताला त्याची इतकी सवय झाली आहे की शाळेच्या मैदानावर ती फ्री थ्रो घेताना डावीकडे सरकते आणि पंच तिला पुन्हा मध्ये आणतात. तीन गुणांची रेषा त्याहून अवघड. ती रिंगेपासून पावणेसात मीटरवर येते, म्हणजे बावीस फुटांच्या आसपास. आमच्या बाजूचं खळं वीस फुटांवर संपतं, तिथे गडगा आहे आणि गडग्यापलीकडे भाऊकाका. हा गडगा आमच्या आजोबांच्या वेळेपासून वादात आहे. मुक्ता एकदा गडग्यावर चढून पलीकडे उतरली आणि तिथून बॉल टाकला, तो गेलाही. भाऊकाका बाहेर येऊन म्हणाले, "म्हणजे तुमची रेषा आमच्या हद्दीत येते, हे तुम्ही मान्य करता तर." त्या बॉलला तीन गुण मिळाले आणि तलाठ्याकडे एक अर्ज जाता जाता राहिला.

इथवरचं सगळं लोखंडी काम, एकदा केलं की झालं. खरा खेळ जाळीपासून सुरू होतो.

जाळीला वरच्या अंगाला बारा फासे असतात आणि रिंगेला खालून बारा आकडे. जगभर हेच. आमच्या रिंगेला आठ निघाले. रिंग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला याबद्दल छेडलं तेव्हा तो वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "आठ बस झाले की. जाळी काय पळून जातेय?" चार आणखी जोडून दे म्हटलं, तर मुक्ताने वहीवर वर्तुळ काढून दाखवलं की आठ समान अंतरांवर असताना चार जोडून बारा समान अंतरांवर कधीच येत नाहीत. जागेवर राहू शकतात ते चारच, बाकीचे चार कापायचे आणि आठ नव्याने लावायचे. फॅब्रिकेटरने ते वर्तुळ बराच वेळ पाहिलं आणि दर सांगितला. तो ऐकून आम्ही आठांवर समाधान मानलं: एका आकड्यात एक फासा, पुढच्यात दोन, मग एक, मग दोन. गणित सुटतं. जाळीचा घेर मात्र कायमचा रुसलेला राहतो.

जाळी चढवणं हे काम लांबून पाहायला फार सोपं आहे, आणि ते लांबून पाहणाऱ्यांचा आमच्याकडे तुटवडा नव्हता. शिडीवर उभं राहून दोन्ही हात डोक्याच्या वर. आकडा खाली वळून पुन्हा वर आलेला, त्याची फट दोरीच्या जाडीपेक्षा केसभर कमी. नायलॉनचा फासा चिमटीत दाबून त्या फटीतून घालायचा. तो जात नाही, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रेटायचा. आत जातो, पण सोडला की नायलॉनच्या अंगच्या ताठपणाने परत बाहेर. रंगाचे पापुद्रे डोळ्यांत. तोपर्यंत हातांतलं रक्त खांद्यात उतरलेलं असतं आणि खालून मोजणी चालू: "पाच झाले." "सहा." "अहो सहावा सुटला, पाचच." सुरुवातीलाच एक फासा चुकीच्या आकड्यात गेला, तर ते शेवटच्या आकड्यापर्यंत कळत नाही. कळतं तेव्हा आकडा रिकामा असतो आणि हातात फासा नसतो. मग सगळं उलट दिशेने काढायचं. फासा घालण्यापेक्षा काढणं कठीण, हे सांगायला नकोच.

दर दीड-दोन महिन्यांनी नारळ पाडायला येणारा आमचा बाबू एकदा नेमका अशाच वेळी आला. साठ फुटांच्या माडावर तो मी चपला शोधेपर्यंत चढलेला असतो. मी मोठ्या आशेने म्हटलं, बाबू, एवढं दोन मिनिटांचं काम करून टाक. त्याने खांबाला हात लावून पाहिला, वर पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "गुळगुळीत हाय वो ह्यो. पाय कुठं रवायचा?" शिडी आहे ना, म्हटलं. शिडीवर चढणं त्याला कमीपणाचं वाटलं असावं.

जाळी लागली. मुक्ताने पहिला बॉल टाकला, तो झोकात आत गेला आणि तिथेच राहिला. नव्या जाळीचं हे असंच असतं. खालचं तोंड मुद्दाम अरुंद विणलेलं असतं, बॉलचा वेग मोडावा म्हणून. नायलॉन नवं असताना ते ताठ असतं, त्यामुळे वेग अगदी पूर्णच मोडतो. ओलं करून, खाली ओढून, दोन-चार दिवस बॉल आपटून ते सैल करावं लागतं. पण हे पहिल्या बॉलच्या वेळी कुणाला सुचत नाही. सुचते ती चप्पल. मुक्ताने मारलेली चप्पल बॉलवर जाऊन अलगद बसली. मग ती पाडायला दुसरी. दोन चपला आणि एक बॉल अशी भरलेली जाळी बघत आम्ही उभे असताना आई आतून झेला घेऊन आली.

घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो: झेला म्हणजे लांब बांबू, टोकाला कडं, कड्याला सुतळीची विणलेली पिशवी आणि वर पातं. हापूस देठासकट कापायचा आणि पिशवीत झेलायचा, जमिनीवर पडू द्यायचा नाही. आपटलेल्या आंब्याला पेटीत जागा नसते. आईने झेल्याने खालून एक ढुशी दिली, बॉल उसळला, चपला तिच्या पायाशी येऊन पडल्या. नेस्मिथच्या मंडळींनी टोपलीला भोक पाडून काठी घातली होती, त्या युक्तीला आमच्याकडे वेगळी काठी करावी लागली नाही.

पण झेला उंचावताना आईचं लक्ष आमच्या जाळीकडे गेलं आणि ती थबकली. "अरे, हिला बूड नाही?" नसतंच, म्हटलं. "मग विकत कशाला घेतलीस?" प्रश्न वाजवी होता. पन्नास वर्षं झेल्याच्या जाळ्या विणलेल्या बाईला, खालून उघडी जाळी ही दुकानदाराने केलेली फसवणूक वाटणारच.

मी तिला समजावलं ते असं. बॉल रिंगेतून जातो तेव्हा तो इतक्या वेगाने जातो की, आतून गेला की पलीकडून घासून खाली आला, हे बाजूला उभ्या माणसाला कळत नाही. जाळी हलली म्हणजे गेला. रिंगेचा व्यास पंचेचाळीस सेंटीमीटर, बॉलच्या जवळजवळ दुप्पट. जागा भरपूर असते, शंका त्याहून भरपूर. आईला हे मान्य झालं नाही. "गेला ते टाकणाऱ्याला कळतं की." टाकणाऱ्याला नेहमी गेलाच असं वाटतं, हीच तर अडचण आहे.

हे गणपतीत सिद्ध झालं. तेव्हा जाळी फाटलेली होती आणि मुंबईची भावंडं आली होती. दीड दिवसाचा गणपती आणि अडीच दिवसांचं भांडण. "गेला!" "कुठे गेला, बाहेरून आला." "तुझे डोळे तपासून घे." त्यांतला भायखळ्याला वाढलेला सुहास स्वतःला जाणकार मानतो, कारण नागपाड्याचं मस्तान तलाव मैदान त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबईच्या बास्केटबॉलचं ते माहेरघरच. भारताचे कर्णधार झालेले, १९७० चे अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतासिर त्याच मोहल्ल्यातले. त्या मैदानाच्या जोरावर सुहास वाटेल त्या विषयावर निकाल देतो. आमच्या खळ्याबद्दल त्याचं मत होतं की पावसात बास्केटबॉल हा प्रकारच होऊ शकत नाही. इथे मात्र त्याला गप्प करता आलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा पदकांसाठी खेळला गेला तो उघड्यावर, माती-वाळूच्या टेनिस कोर्टांवर. अंतिम सामन्याला पाऊस. चिखलात बॉल टप्पाच घेईना. अमेरिका १९, कॅनडा ८, संपूर्ण सामन्यात मिळून. म्हातारा नेस्मिथ स्वतः हजर होता. बर्लिनला जे घडलं ते रत्नागिरीला जून ते सप्टेंबर रोज घडू शकतं. सुहास म्हणाला, पण तिथे जाळी तरी धड असेल.

जाळी धड राहत नाही, कारण तिची निगा राखणं हे कुणाच्याच यादीत नसतं. आगोटीच्या आधी कोकणात सगळं आत घेतात: लाकडं, गोवऱ्या, मांडवाचं सामान, वाळवणं. जाळी राहते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात तिच्यावर हिरवं शेवाळ धरतं आणि बॉल आत गेला की मुक्ताच्या चेहऱ्यावर शिंतोडे उडतात. तरी जाळीचा खरा वैरी पाऊस नव्हे. ऊन. उन्हाने नायलॉन आतून मरतं, वरून पांढरंशुभ्र दिसतं आणि बोटाने चोळलं की भुगा होतो. त्याहून आधी जातात ते वरचे फासे. खाऱ्या हवेत आकडे गंजतात, गंजलेली कड दोरी घासते, एकेक फासा सुटत जातो आणि जाळी एका बाजूने लोंबायला लागते. उपाय सगळे ठाऊक आहेत. आकडे घासून रेड ऑक्साइड मारायचा, वर तेलरंग. तुटलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवायचं, म्हणजे उसवत नाही. पावसाळ्याआधी जाळी उतरवून ठेवायची. हे सगळं करायला कुणीतरी वर चढलेलं असावं लागतं, आणि इथे पुन्हा घरातले सगळे माझ्याकडे बघतात.

लोखंडी साखळ्यांची जाळी मिळते, उद्यानांतून लावतात, वर्षानुवर्षं टिकते. सुहासचा तोच आग्रह होता. त्याने आणून दाखवलीसुद्धा. बॉल आत गेला की खण्णकन् असा आवाज, की भाऊकाका वामकुक्षीतून उठून बाहेर आले आणि बैल सुटला का विचारू लागले. त्यांच्याकडे बैल नाही, पंधरा वर्षं झाली. साखळी त्याच दिवशी उतरवली. सध्या ती फाटकाला आहे.

आणि वानर. वानरांनी बागायतदारांची काय दैना केली आहे हे वेगळं लिहायचं काम नाही. त्यांना रिंग फार आवडली. एक दांडगा हुप्प्या पाखावरून उडी मारून सरळ रिंग पकडायचा, दोन झोके घ्यायचा आणि पलीकडे पेरूवर. मुक्ता चार वर्षं ज्यासाठी उड्या मारते आहे, ते त्याला न शिकता येत होतं. अमेरिकेत १९७९ साली डॅरिल डॉकिन्स नावाच्या धिप्पाड खेळाडूने अशीच रिंग खेचून एकाच मोसमात दोनदा काचेचा बोर्ड फोडला, तेव्हा कुठे स्प्रिंगवर खाली झुकणाऱ्या रिंगा सार्वत्रिक झाल्या. आमची घट्ट वेल्ड केलेली आहे. ती तग धरून आहे, याचं श्रेय मी फॅब्रिकेटरला देतो. हुप्प्याला जाळीत मात्र काही अर्थ दिसला नाही. आत हात घालून पाहिलं, काही नाही. तोंड घालून पाहिलं, काही नाही. मग दाताने तोडून टाकली. जाळीच्या बाबतीत त्याचं मत आईच्या बरंच जवळ जाणारं होतं.

अमेरिकेत जाळी कापणं हा मान असतो, तो भाग निराळा. तिथल्या महाविद्यालयांत विजेतेपद मिळालं की खेळाडू एकेक करून जाळीचा एकेक धागा कापतात आणि शेवटी प्रशिक्षक उरलेली जाळी गळ्यात घालतो. ही प्रथा रुळवली ती नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस यांनी, १९४७ साली. त्या दिवशी शिडी मिळेना, म्हणून खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचलून घेतलं असं सांगतात. प्रशिक्षकाला शिडी मिळत नाही आणि मला तिच्यावरून उतरू देत नाहीत. मुक्ताचा संघ तालुक्यात जिंकला तेव्हा तिला ही प्रथा आमच्या रिंगेवर पार पाडायची होती. मी नव्या जाळीची किंमत सांगितली. मग संघाला पन्हं दिलं.

यंदा मात्र एप्रिलमध्ये मी सगळं रीतसर केलं. आकड्यांना रंग, नवी पांढरी जाळी, फासे एक-दोन-एक-दोन. पंधरा दिवस ती अशी झुलत होती की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. मे उजाडला, आंबा तयार झाला, आणि एका सकाळी बाहेर येऊन पाहतो तर रिंग उघडी. आकडे शाबूत, फासे व्यवस्थित काढलेले. वानराचं काम नव्हे. शिडी खांबाला लावलेली. परड्यातून आवाज आला, "अरे, त्या झेल्याची सुतळी पार कुजली होती. आता या घाईत विणत कोण बसणार?"

आई हापूसखाली उभी होती. झेल्याच्या कड्याला आमची नायलॉनची जाळी, बारा फासे चुणी घालून बसवलेले, आणि खाली घट्ट गाठ मारून शिवलेलं बूड. तिने पातं देठाला लावलं, हिसका दिला. आंबा आत.

"गेला!" मुक्ता ओरडली.

"आणि राहिला," आई म्हणाली. "पेटी आण."